ठीक ही भावना नाही

आमच्या फ्रीजच्या दारावर गेल्या जूनपर्यंत तीनच गोष्टी होत्या. गॅसवाल्याचा नंबर, महाबळेश्वरहून आणलेली चुंबकाची स्ट्रॉबेरी आणि दुधाच्या खाड्यांचा कागद. तिघांचं आपसात बरं चाललं होतं. मग सूनबाई नातीच्या शाळेतल्या पालक कार्यशाळेला जाऊन आली आणि स्ट्रॉबेरी बाजूला सरकवून तिथे भावनांचा तक्ता लागला.

तक्त्यावर सहा गोल चेहरे होते. आनंद, दुःख, राग, भीती, किळस आणि आश्चर्य. घरातल्या प्रत्येकाला कपडे वाळत घालायचा एकेक चिमटा मिळाला. नातीला गुलाबी, तिच्या आईला पिवळा, बापाला निळा, आमच्या हिला हिरवा. उरलेला, स्प्रिंग ढिली झालेला तपकिरी चिमटा माझ्या वाट्याला आला. नियम असा, की सकाळी दात घासून झाले की आपल्याला काय वाटतंय ते आत डोकावून बघायचं आणि त्या चेहऱ्याला चिमटा लावायचा. मोठ्यांनी लावला की लहानांना आपोआप सवय लागते म्हणे.

पहिल्या दिवशी मी चिमटा घेऊन फ्रीजसमोर पाच मिनिटं उभा होतो. फ्रीजसमोर इतका वेळ उभं राहून काहीही तोंडात न टाकण्याची ती माझी पहिलीच वेळ.

"बाबा, अडलं का कुठे?" सूनबाईनं विचारलं.

"यात 'ठीक' कुठे आहे?"

"ठीक ही भावना नाही, बाबा."

६७ वर्षांच्या माणसाला हे सकाळी साडेसातला, चहाआधी सांगायचं म्हणजे काय! मी ३४ वर्षं बँकेत कॅशियर होतो. काचेपलीकडचा माणूस लग्नासाठी पैसे काढतोय की दवाखान्यासाठी, हे न बघता नोटा मोजायच्या, ही माझी शिस्त. घरीही तीच. भाजी कशी झालीय? ठीक. मुलगा इंजिनिअर झाला. ठीक. निवृत्त झालो, तेव्हा निरोप समारंभात बोलायला उभं केलं, तर "सगळं ठीक पार पडलं" एवढं म्हणून मी खाली बसलो. आणि आज कळतंय, की ज्या खात्यावर मी आयुष्यभर व्यवहार केला ते खातंच अस्तित्वात नाही.

त्या रात्री जेवताना सूनबाईनं कार्यशाळेचा सारांश सांगितला. पोराला आत काय होतंय ते कळत नाही, म्हणून ते लोळण घेतं. जे होतंय त्याला नाव मिळालं, की निम्मा धिंगाणा कमी होतो. याला मेंदूतला पुरावाही आहे. मेंदूत अमिग्डला नावाचा एक भाग असतो. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ बदाम, कारण आकार तसा. धोका दिसला की घंटा बडवण्याचं काम त्याच्याकडे. कॅलिफोर्नियातल्या मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना मेंदूचं चित्र काढणाऱ्या यंत्रात झोपवलं आणि त्यांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. या चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द निवडा म्हटलं, की बदामाची घंटा मंदावायची. याच चेहऱ्याला शोभेलसं माणसाचं नाव निवडा म्हटलं, तर तेवढी मंदावायची नाही. हा प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला.

मला तो लगेच पटला. साहेब चिडलेत हे वेळीच ओळखल्याचा मला नोकरीत पुष्कळ फायदा झाला होता. साहेबांचं नाव पाठ असल्याचा कधी झाला नाही.

हिला मात्र त्यातलं एकच कळलं. दुसऱ्या दिवसापासून नातीला सकाळी भिजवलेले दोन बदाम सुरू झाले.

आता आमच्या लहानपणी भावनांचं शिक्षण नव्हतं, असं कुणी म्हणेल. होतं की! पोर धडपडलं, की मोठी माणसं पोराला सोडून आधी जमिनीला फटके मारायची. "हत् रे जमीन!" मग सांगायची, "बघ, मुंगी मेली!" म्हणजे गुडघा फुटलाय तो फुटलाय, वर एका निरपराध मुंगीचा जीव घेतल्याचं ओझं. तरी रडू थांबलं नाहीच, तर शेवटचा उपाय: "तो बघ काऊ!" आमच्या पिढीची अर्धी दुःखं कावळ्यांनी नेली. आजही मला कधी फार वाईट वाटलं, की मी नकळत खिडकीबाहेर बघतो. ही विचारते, काय बघताय? काय सांगणार!

पण एक कबूल करायला हवं. माझी आई चौथी शिकलेली. तिच्याकडे तक्ता नव्हता, चिमटे होते ते फक्त पापडाचे. पण मी शाळेतून आलो, की माझ्या चपलांच्या आवाजावरून तिचं निदान व्हायचं. "तोंड का एवढंसं? हिरमुसलास होय?" "बघा, कसा फुरंगटून बसलाय!" "आता का ओशाळलास?" "नुसता चडफडू नकोस, बोल." हिरमुसणं वेगळं, खट्टू होणं वेगळं, वरमणं वेगळं, कानकोंडं होणं तर अगदीच वेगळं. यातला एकही शब्द ती दुसऱ्याच्या जागी वापरत नसे. वैद्यानं नाडी पाहावी तसं अचूक सांगायची. फक्त औषध एकच होतं. धपाटा.

म्हणजे कॅलिफोर्नियावाल्यांचा पूर्वार्ध आमच्या स्वयंपाकघरात पाठ होता. उत्तरार्ध राहून गेला.

आणि वडील? त्यांच्याकडे तर शब्दही नव्हते. शाळेच्या मैदानात पडदा लावून 'श्यामची आई' दाखवला होता, अत्र्यांचा, १९५३ सालचा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालेला. सगळं मैदान मुसमुसत होतं. मी अंधारात वडिलांकडे पाहिलं, तर ते उपरण्यानं डोळे पुसत होते. मी बघतोय हे लक्षात आल्यावर म्हणाले, "मैदानात धूळ फार आहे." घरी येईपर्यंत ते नगरपालिका रस्त्यावर पाणी का मारत नाही, याविषयीच बोलत होते.

तक्त्याकडे वळू. नातीनं तो दोन दिवसांत आत्मसात केला. तिसऱ्या दिवशी ताटात दुधी वाढला, तेव्हा ती उठली, गुलाबी चिमटा 'किळस'वर लावला आणि परत येऊन शांतपणे बसली. सूनबाईचं तोंड बघण्यासारखं झालं. शिकवलेलं तर बरोबर वापरलं होतं! शेवटी भावनेचा आदर राखून दुधी खाल्ला गेला.

हे सहा चेहरे कुठून आले, याचा मी जरा शोध घेतला. निवृत्त माणसाला वेळ असतो. पॉल एकमन नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ १९६०च्या दशकाच्या शेवटी शेवटी पापुआ न्यू गिनीच्या डोंगरांत, फोरे लोकांकडे गेले. सिनेमा-मासिकं न पाहिलेल्या त्या लोकांना ते छोटीशी गोष्ट सांगायचे आणि विचारायचे, यातल्या माणसाचा चेहरा या फोटोंपैकी कोणता? आनंद, दुःख, राग, किळस त्यांनी बरोबर ओळखलं. घोटाळा झाला तो भीती आणि आश्चर्य यांत. ते दोन चेहरे त्यांना वेगळे काढता येईनात. मला फोरे लोकांविषयी एकदम जवळीक वाटली. आमच्याकडेही विजेचं बिल आलं, की भीती कुठली आणि आश्चर्य कुठलं, हे कुणाला सांगता येत नाही.

खरा पेच आला तो जुलैत. नात बागेतून आली ती सरळ फ्रीजकडे गेली. चिमटा हातात घेऊन सहाही चेहऱ्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "आई, रुसणं कुठंय?"

"रुसणं म्हणजे रागच, सोनू. रागावर लाव."

"नाही! रागावलं की ओरडतात. रुसलं की बोलायचं नसतं. आणि मग कुणीतरी विचारायला यावं लागतं."

घरात शांतता पसरली. मी मोल्सवर्थचा कोश उघडला नाही, गरजच नव्हती. पाच वर्षांच्या मुलीनं दोन वाक्यांत जे सांगितलं, त्यात एक शब्द घालायला जागा नाही. राग एकट्यानं येतो. रुसायला दुसरं माणूस लागतं. रिकाम्या घरात आजवर कुणी रुसलेलं नाही. आमच्याकडच्या एका लग्नात वराचे काका पहिल्या पंगतीत पान मिळालं नाही म्हणून रुसले आणि कार्यालयामागच्या आंब्याखाली खुर्ची टाकून बसले. गडबडीत कुणाच्या लक्षातच आलं नाही. दीड तासानं ते स्वतःच उठून आत आले आणि वाढप्याला विचारू लागले, "मला कुणी शोधत होतं का?"

सूनबाईनं यावर तोड काढली. कार्यशाळेत 'शांत कोपरा' करायला सांगितला होता, जिथे मूल भावना ओसरेपर्यंत बसेल. आमचं घर डोंबिवलीत, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. कोपरे चारच, त्यातले तीन भरलेले. उरलेल्या कोपऱ्यात, वॉशिंग मशीनशेजारी, दोन उशा, एक कापडी ससा आणि चित्रांची पुस्तकं अशी मांडणी झाली. मी म्हटलं, यात नवं काही नाही. अयोध्येच्या राजवाड्यात यासाठी स्वतंत्र दालन होतं, वाल्मीकींनी त्याला क्रोधागार म्हटलंय. कैकेयी तिथेच जाऊन पडली होती. सूनबाई म्हणाली, "बाबा, तिथे उशा नव्हत्या. नुसत्या जमिनीवर पडली, म्हणून चौदा वर्षांवर गेलं."

दोन दिवसांत त्या कोपऱ्यात कधी बघावं तर चिरंजीव सापडू लागले. मशीन चालू असताना तिथे फोनचा आवाज बाहेर येत नाही.

सगळं सुरळीत चाललं होतं असं नाही. एका रविवारी फडके रोडवरच्या दुकानात नातीनं चॉकलेटच्या कपाटासमोर बैठक मारली. सूनबाई खाली वाकली, तिच्या डोळ्यांच्या रेषेत आली आणि मऊ आवाजात म्हणाली, "तुला राग आलाय ना बाळा?"

"नाही! मला चॉकलेट हवंय!"

"म्हणजे तू निराश झाली आहेस."

"मी निराश नाहीये! तू घेत नाहीयेस!"

दुकानातले दोन काका, एक आजी आणि बिलाच्या रांगेतले सगळे ऐकत होते. आजी पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "ते बघ काऊ!" दुकानाच्या आत. पंख्याकडे बोट दाखवून. नात गप्प झाली आणि वर बघत राहिली. सूनबाईनं त्या आजींकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती तक्त्यावरच्या सहांपैकी कुठल्याही चेहऱ्यात बसत नव्हती.

शिवाय पोरं हुशार. शब्द दिले की ते चालवतात. ऑगस्टपर्यंत नात म्हणू लागली, "मला फार एकटं एकटं वाटतंय, म्हणून मोबाईल दे." यावर सूनबाईचं उत्तर तयार होतं: "एकटं वाटायला परवानगी आहे. मोबाईलला नाही." हे तत्त्व हाइम गिनॉट नावाच्या मानसशास्त्रज्ञांचं, त्यांच्या १९६५च्या पुस्तकातलं. वाटण्यावर बंदी घालायची नाही, वागण्यावर घालायची. मला त्यातली कॅशियरी फार आवडली. अर्ज स्वीकारायचा, पोच द्यायची, रक्कम द्यायची नाही.

माझा चिमटा मात्र रोज तक्त्याच्या कडेला, कुठल्याच चेहऱ्यावर नाही असा लटकत होता. सहांत मला बसता येईना. मग वाचनालयात एक दिवस नाट्यशास्त्र हाती लागलं, आणि माझं भाग्य उजळलं. भरतमुनींनी या विषयात अजिबात कंजूषी केलेली नाही. आठ स्थायी भाव, तेहेतीस व्यभिचारी भाव आणि आठ सात्त्विक भाव. एकूण ४९! तेहेतिसांची यादी वाचताना मला गहिवरून आलं. त्यात आलस्य आहे. निद्रा आहे. श्रम आहे. दुपारी जेवून आडवा झाल्यावर माझं जे होतं, त्याला मी इतकी वर्षं उगाच आळस म्हणत होतो. ती शास्त्रात नोंदलेली गोष्ट होती.

आणि यादीच्या उत्तरार्धात तो भेटला. अवहित्थ. वाटतंय ते चेहऱ्यावर दिसू न देणं. कशामुळे? लाज, भीती, पराभव अशा कारणांनी. आणि हा ओळखायचा कसा? तर माणूस विषय बदलतो, भलतीकडे बघतो, उसनं अवसान आणतो. मला मैदानातली धूळ आठवली. नगरपालिकेचं पाणी आठवलं. म्हणजे वडिलांना काही वाटत नव्हतं असं नाही. त्यांना अवहित्थ वाटत होता.

मी पुस्तक घेऊन सूनबाईसमोर उभा राहिलो. "हे बघ. 'ठीक' ही भावना आहे. तिला दोन हजार वर्षांचा आधार आहे." तिनं परिच्छेद नीट वाचला आणि म्हणाली, "पण बाबा, यात लिहिलंय की आत काहीतरी आहे आणि ते लपवलंय. काय लपवलंय?"

मी म्हटलं, "पाऊस काय म्हणतोय आज?"

डिसेंबरात गॅदरिंग आलं. नात भाज्यांच्या नाचात वांगं होती. आठवडाभर आधीपासून रोज सकाळी तिचं पोट दुखू लागलं. डॉक्टरांनी तपासलं, पोटात काही नव्हतं. सूनबाई तक्ता घेऊन बसली, भीती वाटते का, तर नाही. दुःख, तर नाही. मग हिनं पोळ्या लाटता लाटता मागे न बघता सांगितलं, "अगं, पोटात गोळा आलाय तिच्या. वांग्याचा."

नातीचे डोळे चमकले. "आजी, गोळा केवढा असतो?"

"तुझा तुलाच ठाऊक. बेसनाच्या लाडवाएवढा आहे का?"

नातीनं पोटावर हात ठेवून अंदाज घेतला. "नाही. बुंदीच्या लाडवाएवढा."

त्या दिवसापासून रोज मापं निघू लागली. लाडू, लिंबू, सुपारी, वाटाणा. नाच नीट बसला की लिंबू, टीचर ओरडल्या की परत लाडू. कार्यशाळेत म्हणे भावनेला एक ते दहा आकडे द्यायला सांगितले होते. पण पाच वर्षांच्या मुलीला सातपेक्षा सुपारी जास्त कळते. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की भावना शरीरात कुठे जाणवते ते विचारा, हे जे नव्यानं सांगतात, तो नकाशा आपल्याकडे केव्हाचा तयार आहे. छातीत धस्स होतं, घशाशी आवंढा येतो, हातापायांतलं बळ जातं, कान गरम होतात, तळपायाची आग मस्तकात जाते. बोलता बोलता आपण रोज तो उलगडतो आणि घडी घालून परत ठेवतो.

गॅदरिंगच्या दिवशी जांभळ्या कागदातलं वांगं पडद्याआडून डोकावलं आणि माझ्या कानाशी येऊन कुजबुजलं, "आबा, साबुदाण्याएवढा." मी म्हटलं, "भिजवलेला की कोरडा?" ते म्हणालं, "कोरडा."

नाचात वांगं चुकलं. भोपळ्याच्या जागी जाऊन उभं राहिलं. त्याच वेळी माझ्या डोळ्यांत धूळ गेली. सभागृह वातानुकूलित होतं.

आता घरात फक्त चिरंजीवांचा प्रश्न उरलाय. ते रात्री नऊला लोकलमधून उतरून येतात आणि नात दारातच विचारते, "बाबा, काय वाटतंय?" ते म्हणतात, "टेन्शन." नात म्हणते, "ते तक्त्यावर नाही." तरी आता बरं आहे, भावनाच पात्रं असलेल्या 'इनसाइड आउट' या सिनेमाच्या दुसऱ्या भागात, २०२४ साली, चिंता, हेवा, ओशाळणं आणि कंटाळा अशा चार नव्या मंडळींची भर पडली. सिनेमा बघून आल्यावर नातीनं स्केचपेननं तक्त्याच्या कडेनं आणखी चेहरे काढले. टेन्शनची तिनं उलटतपासणी केली, तेव्हा त्यातून काय काय निघालं! साहेब बोलले त्याची चुटपुट, हप्त्याची धाकधूक, मित्राला बढती मिळाली त्याचा हेवा, आणि भूक. यातली भूक ताबडतोब मिटवता आली.

हल्ली तक्त्यावर एकोणीस चेहरे आहेत. रुसणं सगळ्यात मोठं काढलंय, पाठमोरं, कारण रुसलेल्याचं तोंड दिसत नाही असं नातीचं म्हणणं. माझ्या नावाचाही एक चेहरा आहे. त्याला चष्मा आहे आणि तो खिडकीकडे बघतोय. खाली 'ठिक' लिहिलंय. ऱ्हस्व. मी दुरुस्त केलं नाही.

आज हा लेख लिहायला बसण्याआधी विरजणासाठी फ्रीज उघडला, तर रुसण्याच्या पाठमोऱ्या चेहऱ्यावर हिरवा चिमटा होता. हिरवा म्हणजे हिचा. नातीला विचारलं, हा कधीपासून आहे? ती म्हणाली, सोमवारपासून.

आज गुरुवार आहे. मी विचारायला जातो.